पोसणारे जग कोणते?

मे महिना लागला की आमच्या वास्कोच्या घरातील सज्जावरचा आमचा हक्क संपुष्टात येतो. एरवी संध्याकाळी आरामखुर्ची टाकून बंदराकडे येणारी जहाजे मोजीत बसण्याची ती आमची जागा; सुटीत ती नातवंडांची होते. पूर्वी तेथे पत्ते आणि कॅरम चालत असत. यंदा पाहतो तो कागदांची भेंडोळी, रंगीत पेन्सिली आणि कधी न पाहिलेले फासे: एक चार पैलूंचा, एक आठ पैलूंचा, आणि एक तर चांगला वीस पैलूंचा! पट मात्र कोठेच नाही. चार मुले गोल करून बसलेली. एक बोलतो आहे आणि बाकीची ऐकता ऐकता मध्येच तोंड घालून कथेचे सुकाणू आपल्याकडे ओढीत आहेत.

चौकशी करता समजले, की या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी काढला. एकाने सूत्रधार व्हावयाचे, बाकीच्यांनी प्रत्येकी एकेक सोंग घ्यावयाचे आणि सूत्रधाराने उभ्या केलेल्या जगात आपल्या मतीप्रमाणे वागावयाचे. उडी साधली की फसली, याचा निवाडा फासा करतो. आजोबांना हे समजावून सांगणे जड जाईल, अशी आमच्या नातवाची समजूत होती. परंतु पेडण्यात जन्मलेल्या माणसाला यात अपूर्वाई ती कसली? आमचा दशावतार तरी याहून निराळा कोठे आहे? तेथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, आणि मग जो तो आपल्या अकलेने बोलत रात्रीची पहाट करतो. फरक इतकाच, की तेथे फासे नसतात आणि राक्षस मरणार हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असते.

तर या खेळात यंदा एक भांडण उद्भवले आणि ते आमच्या दरबारी आले.

नातू पंधरा वर्षांचा, सूत्रधार तोच. त्याने एका तांबूस, मंद ताऱ्याभोवती सात जगे कल्पिली होती. त्याला हे सुचले ते खऱ्याच एका ताऱ्यावरून. २०१७ च्या फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की सुमारे चाळीस प्रकाशवर्षांवरील 'ट्रॅपिस्ट-१' या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढ्या आकारमानाचे सात ग्रह फिरत आहेत. सूत्रधाराने आपल्या सातही जगांसाठी तक्ता आखला होता. ताऱ्यापासून अंतर योग्य आहे काय? पाणी आहे काय? हवा आहे काय? तीनही रकान्यांत 'होय' आले तर जग जिवंत; एकही 'नाही' आले तर मृत. त्याप्रमाणे त्याने तिसरे जग मृत ठरविले. कारण असे, की ते जग ताऱ्याला सदैव एकच बाजू दाखविते. एकीकडे अखंड दिवस, दुसरीकडे अखंड रात्र. रात्रीच्या बाजूला हवाच गोठून खाली बसणार. झाले! बारा वर्षांची आमची नात रडकुंडीला आली. तिची नावाडीण नेमकी त्याच जगातली होती. तिने तिचे गाव काढले होते, होडीला नाव ठेवले होते, आणि आता तिला सांगण्यात आले, की तुझ्या गावात कोणी जगूच शकत नाही.

"आबा, तुम्ही सांगा," असे म्हणून दोघेही आमच्यासमोर उभी राहिली.

वाचकहो, न्यायाधीश होणे सोपे नसते. आम्ही तीन दिवसांची मुदत मागून घेतली. लहान मुलांच्या खेळासाठी इतका आटापिटा कशाला, असे घरातून विचारले गेले. परंतु जी मुलगी एका कल्पित गावासाठी रडते तिला 'जाऊ दे, दुसरे गाव घे' असे सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

प्रथम वाटले, फाशांवरच सोपवावे. तशीही प्रथा आहे. १९७७ साली मार्क मिलर यांनी काढलेल्या 'ट्रॅव्हलर' या खेळात जगे फाशांनीच घडतात. दोन फासे टाकून बेरजेतून दोन वजा केले की ग्रहाचे आकारमान मिळते. पुन्हा दोन टाकून सात वजा करायचे आणि त्यात आकारमान मिळवायचे की वातावरण ठरते. पहिल्या वाचनात आम्ही हसलो. नंतर ध्यानात आले, की या गणितात थोडे शहाणपण आहे. ग्रह लहान आला तर त्याची हवा बहुधा विरळच येते. लहान जगाच्या मुठीत हवा राहत नाही, ही गोष्ट फाशांनाही शिकवून ठेवलेली आहे.

मग अंतराचा रकाना घेतला. ताऱ्यापासून फार जवळ नाही, फार दूर नाही, असा एक पट्टा असतो. त्यात ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी पाणी म्हणून राहू शकते. जेम्स कास्टिंग आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली आपल्या सूर्यासाठी या पट्ट्याचे जपून केलेले गणित मांडले. पृथ्वीचे अंतर १ धरले तर तो ०.९५ पासून १.३७ पर्यंत भरतो. शुक्र त्याच्या आत पडतो, मंगळ थोडासा बाहेर. नातवाचा तक्ता याच गणिताचा नातेवाईक होता आणि त्यात खोटे काही नव्हते. पण आम्ही त्याला त्या रात्री सज्जातून चंद्र दाखविला. चंद्राचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीएवढेच आहे. तुझ्या पहिल्या रकान्यात त्याला 'होय'च मिळेल. तरी तेथे दिवसा शंभर अंशांच्या वर उष्मा आणि रात्री शून्याखाली शंभराहून अधिक थंडी! पट्टा एकच, पण एक घर भरलेले आणि शेजारचे ओसाड. तेव्हा अंतर हे फार तर पत्ता सांगते. घरात चूल पेटते की नाही, हे सांगत नाही.

नातू हुशार आहे. म्हणाला, "म्हणूनच तर दुसरे दोन रकाने आहेत." बरोबर आहे. परंतु शुक्राला हवा आहे, पृथ्वीच्या नव्वदपट दाबाची आहे, आणि तीच त्याच्या मुळावर आली. जमिनीवर तापमान साडेचारशे अंशांच्या पुढे. मंगळावर पाणी होते; कोरड्या नद्यांची पात्रे आजही दिसतात. म्हणजे दोघांच्याही दप्तरी कधीकाळी 'होय' लागले असते. प्रश्न आहे तो टिकण्याचा.

पृथ्वीचे नवल येथेच आहे. सूर्य आपल्या जन्मानंतर आजवर सुमारे तीस टक्क्यांनी अधिक तेजस्वी झाला, तरीही येथील समुद्र एकदाचे उकळून गेले नाहीत की कायमचे गोठून बसले नाहीत. याचे एक कारण १९८१ साली वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी मांडले. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन खडकांवर पडते, खडक झिजतात, तो कार्बन नद्यांवाटे समुद्रात जाऊन चुनखडी होऊन बसतो. भूगर्भ त्या चुनखडीला आत ओढतो आणि ज्वालामुखींच्या तोंडून तो वायू पुन्हा हवेत सोडतो. उष्मा वाढला की पाऊस व झीज वाढते, वायू कमी होतो, पृथ्वी निवते. थंडी वाढली की झीज मंदावते, वायू साठतो, पृथ्वी तापते. (ही उलाढाल लाखो वर्षांच्या हिशेबाने चालते, आपण शंभर-दीडशे वर्षांत जो धूर केला, त्याचा निचरा ती आपल्या सोयीने करील अशी आशा कोणी धरू नये.) मंगळ लहान, त्याच्या पोटातील विस्तव मंदावला, परत देणारे हात थकले, उरलेली हवा अवकाशात झिरपत गेली. २०१४ पासून तेथे फिरणाऱ्या 'मेव्हन' यानाने ती गळती मोजलीही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन आम्ही सड्यावर गेलो. हेडलँडच्या त्या टोकावर ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. आपल्या देशाच्या अंटार्क्टिका मोहिमांची आखणी तेथून होते. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथील बर्फावर उतरली. १९८९ पासून 'मैत्री' आणि २०१२ पासून 'भारती' अशी आपली दोन स्थानके तेथे आहेत. माणसे हिवाळाही तेथे काढतात. आम्ही मुलांना विचारले, "अंटार्क्टिका जिवंत जग की मृत?" तिघे म्हणाली, जिवंत; माणसे राहतात ना! नात गप्प होती. मग म्हणाली, "पण ती खातात काय?"

धान्य, इंधन, औषधे, सारे जहाजाने जाते. स्वयंपाकघर तेथे आहे, शेत येथे आहे. माणूस तेथे जगतो हे खरे; पण ते जग त्याला पोसत नाही. मात्र त्याच खंडातील कोरड्या दऱ्यांत, वालुकाश्माच्या खड्यांच्या फटींत, खडकाच्या आत दडून राहणारे सूक्ष्मजीव इम्रे फ्रीडमन यांना १९७०च्या दशकात सापडले. त्यांना कोठलेही जहाज जात नाही. खडकातून झिरपणारा उजेड आणि वितळलेल्या हिमाचा थेंब यांवर त्यांचे भागते. अंटार्क्टिका त्यांना पोसते.

परतताना नातीने विचारले, "मग वास्को?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पाणी साळावली धरणाचे, भाजी बेळगावची! तक्ता आमच्याच गावाला लावला तर सूत्रधार आम्हांला बिनदिक्कत मृत ठरवील.

दुपारी लोणारची गोष्ट निघाली. बुलढाणा जिल्ह्यातील ते विवर उल्केच्या आघाताने काळ्या कातळात पडलेले, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद. तळ्यातून पाणी बाहेर जाण्यास वाट नाही, त्यामुळे ते इतके क्षारयुक्त की आपण घोटभरही पिऊ नये. जून २०२० मध्ये ते तळे एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा कित्येकांना अरिष्टच वाटले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा तो रंग खाऱ्या पाण्यातच सुखावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. आपल्याला जे विष, ते त्यांचे माहेर. आणि डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने झालेला तो प्रयोगही आठवला. हैदराबादहून २००५ साली सोडलेल्या फुग्याने वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा आणली आणि त्यात तीन नव्या जातींचे जिवाणू मिळाल्याचे २००९ साली जाहीर झाले. एकाला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे नाव दिले गेले. ते जिवाणू तेथे राहणारे, की वाऱ्याने नेलेले पाहुणे? निदान आमच्या खेळापुरते आम्ही त्यांना पाहुणे म्हटले. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. 'यक्षांची देणगी' वाचून ज्या पिढीने मराठीतून परग्रहांची स्वप्ने पाहिली, तिच्यात आम्हीही आहोत. हा वाद त्यांच्यापुढे न्यावा असे वाटून गेले.

तिसऱ्या दिवशी आम्हांला पेडण्यास जाणे भाग होते; कारण घरगुती होते. शापोरा नदीच्या काठी आमच्या भावकीची थोडी खाजन शेती आहे. वाचकांपैकी जे घाटावरचे अथवा माळव्यातले असतील त्यांच्यासाठी सांगावयाचे, तर खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून राखलेली. बांधाला एक दार असते, त्याला मानस म्हणतात. मानशीची फळी अशी बसविलेली असते, की ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते आणि पावसाचे पाणी नदीत जाते. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने तीच बंद होते. कोणी उघडीत नाही, कोणी लावीत नाही. पावसाने खार धुऊन निघतो आणि कोरगुट नावाचे खार सोसणारे भात त्यात पिकते. आमचे चुलतभाऊ गावी राहून ते सांभाळतात. त्यांचे पत्र आले होते: फळ्या कुजल्या आहेत, या पावसाळ्यात मानस टिकणार नाही, सर्व वाटेकऱ्यांनी हिस्सा पाठवावा, नाहीतर जमीन नदीला दिली असे समजून मोकळे व्हावे.

मुलांना बरोबर नेले. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी संपत आली होती. भाऊंनी मुलांना बांधावर बसविले आणि म्हणाले, "बघत राहा." काही वेळ काहीच घडेना. मग नदीचे पाणी उलटले, फळी हलली, आणि कुरकुरत मिटली. पण पुरती मिटली नाही. कुजलेल्या कडेतून खारे पाणी बारीक धारेने आत येतच राहिले. नातू उठून जवळ गेला, पुष्कळ वेळ त्या धारेकडे पाहत राहिला. "आबा, मंगळ," एवढेच तो म्हणाला.

आम्हांला वाटले, निवाडा झाला. पण नात अशी सुटू देणारी नव्हती. बांधाच्या बाहेर चिखलात खारफुटी माजली होती, खेकडे पळत होते, बगळे टपून होते. ती म्हणाली, "बांध फुटला तर जग कुठे मरते? भात मरेल. खेकडे खूश होतील." भाऊ खो-खो हसले आणि आम्ही निरुत्तर झालो. स्टीफन डोल यांनी १९६४ साली या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा शीर्षकातच 'माणसासाठी' वस्तीयोग्य ग्रह असे लिहून ठेवले; ती सावधगिरी आम्हांला तेव्हा उमगली. जग जिवंत आहे काय, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणाला पोसते, हेही विचारावे लागते. आमच्या सुनेचे माहेर डिचोलीचे. तिने परत येताना गाडीत आपल्या वडिलांच्या शेताची गोष्ट काढली: खाणीची तांबडी माती पावसाबरोबर वाफ्यांत उतरली आणि भात बसले. ज्या लोखंडावर बंदरात जहाजे भरली, त्यानेच तेथले ताट रिकामे केले. सूत्रधाराच्या चौथ्या जगाची ख्याती 'लोहसमृद्ध' अशी होती. तो काही बोलला नाही.

रात्री सज्जात निवाडा दिला. तिसरे जग ताऱ्याकडे एकच तोंड करून असले म्हणून मृत ठरत नाही. मनोज जोशी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली गणिताने दाखविले, की पृथ्वीच्या वातावरणाच्या सुमारे एकदशांश दाबाचे कार्बन डायऑक्साइडचे आवरण असले तरी वारे दिवसाची ऊब रात्रीकडे वाहून नेतात आणि हवा गोठून पडत नाही. मात्र असे तांबडे तारे वरचेवर भडकतात आणि ग्रहांची हवा ओरबाडतात. ट्रॅपिस्टच्या सर्वांत आतल्या ग्रहाकडे २०२३ साली वेब दुर्बिणीने पाहिले, तेव्हा तेथे दाट हवेचा मागमूस मिळाला नाही. म्हणून नावाडिणीच्या जगात जीव आहे, पण हवेला गळती आहे. ती कोठून, हे खेळताना शोधावे लागेल.

सूत्रधाराने तक्ता खोडून नवीन आखला. 'होय-नाही' काढून टाकले. दोन रकाने वाढविले. एकावर लिहिले 'कोणाला', दुसऱ्यावर 'दार'. नातीची नावाडीण आता त्या जगाच्या संधिप्रकाशाच्या कडेवर, दिवस आणि रात्र यांच्या मधल्या चिंचोळ्या समुद्रात गळतीच्या शोधात हिंडते आहे. काल वीस पैलूंच्या फाशाने तिला दोनदा दगा दिला. आम्हांलाही एक सोंग मिळाले आहे, म्हाताऱ्या सुताराचे; संवाद थोडेच आहेत.

आमचा हिस्सा आम्ही दुसऱ्याच दिवशी पाठविला. नवे लाकूड भाऊंनी पाहून ठेवले आहे. सुतार म्हणतो, आठ दिवसांचे काम. मृग जूनच्या सात-आठ तारखेला लागतो आणि त्याच्या आत फळ्या बसल्या पाहिजेत. वाटेकऱ्यांपैकी तिघांची उत्तरे अद्याप यावयाची आहेत. एक घर बडोद्यास असते, एक इंदुरास आणि एक बेळगावास; तिन्ही घरी हे मासिक जाते, हे आम्हांला ठाऊक आहे.